खालचा माणूस

दाजींना क्रेनवरून उतरवलं ते भर पाळीत. जहाज धक्क्याला लागलेलं, निम्मे कंटेनर उतरवून झालेले, आणि वॉकीटॉकीवर निरोप आला की पुढचं काम दुसरा ऑपरेटर बघेल, तुम्ही खाली या आणि मॅनेजरांना भेटा. दाजींना वाटलं, घरी काहीतरी बरंवाईट झालं. लिफ्ट खाली पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात बायकोला आजारी पाडलं, दवाखान्यात नेलं, कोणाकोणाला कळवायचं तेही ठरवून टाकलं. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की उद्यापासून तुम्ही क्रेनवर चढायचं नाही. यार्डाच्या ऑफिसात टेबलाचं काम आहे, ते करायचं. हुद्दा तोच, पगार तोच.

दाजींनी कारण विचारलं. मॅनेजर म्हणाला, "कॅमेरा."

हे कॅमेरे बसून काही महिने झाले होते. केबिनच्या काचेखाली बोटभर जाडीची काळी पट्टी आणि तिच्यात बारीक भिंगं. ऑपरेटरला डुलकी लागली तर कळावं आणि भोंगा वाजावा, एवढ्यासाठीच ती आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं. पण डोळे मिटलेत की उघडे, एवढंच बघून ती पट्टी थांबत नव्हती. बुबुळ कुठे वळतं, कशावर किती वेळ रेंगाळतं, तिथून पुढे कुठे जातं, हे सगळं ती टिपून ठेवत होती. आणि दाजींची नजर, मॅनेजर म्हणाला, बाकीच्या ऑपरेटरांसारखी फिरत नाही. हलणाऱ्या वस्तूवर अडकून राहते. खाली उभ्या माणसाकडे वेळेवर परत येत नाही.

दाजींना हे ऐकून हसूच आलं. बंदरात त्यांना सगळे घार म्हणत. घार वरून खालच्या माणसाच्या टकलावरचे केस मोजते, असं पोरं म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. क्रेनच्या केबिनला पायाखाली काच असते. त्या काचेतून खाली बघत, मान वाकवून, त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. मान कायमची पुढे झुकली होती, पण एका डब्याला कधी पोचा आला नव्हता की एका माणसाला खरचटलं नव्हतं. वर असलं की एक बरं असतं, ते म्हणायचे, साहेब आणि बायको दोघंही खाली.

दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ बंदरातल्या युनियनचा सेक्रेटरी होता. त्याला बंदरात चिकटवलं होतं ते दाजींनीच. वेल्डर म्हणून लागला, बोलायला तोंड होतं, म्हणून पुढे युनियनमध्ये गेला आणि बघता बघता सेक्रेटरी झाला. आता त्याला नावाने हाक मारणारी माणसं घरातही फारशी उरली नव्हती. बातमी त्याला कँटीनमध्ये कळली. हातातलं ताट तसंच ठेवून तो उठला.

त्याचा राग खोटा नव्हता. कॅमेरे बसले तेव्हाच तो म्हणाला होता की आज झोपेसाठी बसवतायत, उद्या आपल्याच मानेवर बसवतील. जुनी, पक्की माणसं एकेक करून काढायची आणि त्यांच्या जागी कंत्राटी पोरं आणायची, हा डाव त्याला स्पष्ट दिसत होता. आणि पहिला मोहरा म्हणून त्यांनी कोणाला निवडावं, तर घारीला. ज्याच्याबद्दल बोट दाखवायला जागा नाही अशा माणसाला. एवढी आयती संधी कुठल्याच सेक्रेटरीला मिळत नाही, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. ते त्याने मनाच्या कोपऱ्यात सारलं, पण येऊन गेलं.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. दाजी टीव्हीसमोर बसले होते. आवाज बंद होता, चित्रं हलत होती. सेक्रेटरी उभ्याउभ्याच बोलत सुटला. गेटवर सभा घेऊ, एक दिवस काम बंद ठेवू, मॅनेजरला नाक घासत यायला लावू. दाजी मान डोलवत होते, मधूनच बरं बरं म्हणत होते. ताई दारात उभी राहून ऐकत होती. भाऊ श्वास घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "खालचं काम काय वाईट आहे?"

"ताई, तू यात पडू नकोस. आज हे गेले तर उद्या दहा जातील."

ताई आत गेली. भांड्यांचा आवाज आला. सेक्रेटरीला वाटलं, बायकांना नवरा जमिनीवर असलेला बरा वाटतो, त्यात नवल काय.

गेटवरची सभा जोरात झाली. सेक्रेटरी ट्रेलरच्या पाठीवर चढून बोलला. म्हणाला, माणसाची लायकी त्याच्या कामावरून ठरते, त्याच्या बुबुळांवरून नाही. हा माणूस चुकला असेल तर चूक दाखवा. चूक नाही म्हणून तुम्ही डोळे दाखवता. लोकांनी टाळ्या पिटल्या. घारीला परत वर पाठवायचं की नाही, असं त्याने विचारलं तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. त्यात सगळ्यात उंच हात लंबूचा होता, कारण लंबूच तेवढा उंच होता. लंबू म्हणजे दाजींच्या क्रेनखालचा सिग्नलवाला. ट्रेलरशेजारी उभं राहून, हाताच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवरून वरच्याला सांगायचं, सावकाश, थोडं डावीकडे, सोड, थांब. वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांचं तोंड फार कमी पाहिलं होतं. लंबूला दाजींच्या बुटांचे तळवे ठाऊक होते आणि दाजींना लंबूची टोपी.

एक दिवस काम बंद राहिलं. धक्क्याबाहेर जहाजं ताटकळली. मग मॅनेजरने बोलणी करायला बोलावलं.

त्या टेबलावर सेक्रेटरीने जे केलं ते त्याला पुढे कधीच कोणावर ढकलता आलं नाही, कारण ती अट त्याची स्वतःची होती. कंपनीचा कॅमेरा आम्ही मानत नाही, तो म्हणाला. बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांची आणि मेंदूची तपासणी करा. जो निकाल येईल तो दोघांनी मान्य करायचा. तोवर आमचा माणूस क्रेनवर राहील आणि त्याच्या केबिनमधला कॅमेरा बंद राहील. मॅनेजरने बराच वेळ पेन बोटांत फिरवलं. तपासणी पुढच्याच आठवड्यात करू, तोवर त्यांना रजा देऊ, असं त्याने सुचवून पाहिलं. सेक्रेटरी म्हणाला, रजा कसली, ते आजारी आहेत का? शेवटी बाहेरच्या जहाजांकडे बघत मॅनेजरने मान हलवली.

त्याच दुपारी सेक्रेटरीने स्वतः वर जाऊन त्या काळ्या पट्टीवर चिकटपट्टी लावली. दाजी शेजारी उभे होते. "तू म्हणतोस तर ठीक," एवढंच ते म्हणाले. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. मेहुण्याला वाटलं, बिचारे दुखावले गेलेत.

तपासणीची तारीख यायच्या आतच अपघात झाला, तो दुपारच्या पाळीत, लख्ख उजेडात. दाजी एक भरलेला डबा ट्रेलरवर उतरवत होते. ट्रेलरच्या कोपऱ्यातली, डबा अडकवायची खिटी आडवी बसली होती, ती सरळ करायला लंबू वाकला. वाकण्याआधी त्याने हात वर केला आणि वॉकीटॉकीवर थांब म्हटलं. त्याच वेळी शेजारच्या क्रेनवर एक रिकामा डबा हेलकावे खात चालला होता. दाजींचा डबा थांबला नाही. फार वेगात नव्हता, नेहमीसारखाच सावकाश, जपून येत होता. ट्रेलरची कड आणि डबा यांच्या मध्ये लंबूचा उजवा पाय सापडला. ओरडणं ऐकू आल्यावर डबा थांबला, आणि मग तो वर घ्यायचा की नाही हे कोणाला ठरवता येईना, तसे काही क्षण गेले.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला.

दाजी त्या दिवशी क्रेनवरून उतरले ते लिफ्टच्या दाराशीच जमिनीवर बसले. सेक्रेटरी धावत आला तेव्हा ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "मी बघितलं होतं त्याला. बघितलं होतं असं मला वाटतंय रे." सेक्रेटरीने त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि कानाशी लागून सांगितलं की हे वाटतंय वगैरे कोणापुढे बोलू नका. बघितलं होतं, एवढंच म्हणा.

कंपनीने चौकशी समिती बसवली. केबिनमधला कॅमेरा बंद होता, त्यामुळे त्या घटकेला दाजींची नजर कुठे होती, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. आता सगळं लंबूच्या जबाबावर होतं. सेक्रेटरी हॉस्पिटलात लंबूच्या उशाशी जाऊन बसला. पांघरूण एका बाजूला सपाट दिसत होतं, तिकडे त्याने बघायचं टाळलं. त्याने लंबूला समजावलं की आत्ता घार पडली तर सगळ्यांचीच लढाई पडेल. त्यांना हेच हवंय. तू डब्याखाली किंचित आत सरकला होतास, एवढंच म्हण. वारंही होतंच. तुझं काही अडणार नाही, ते मी बघतो.

लंबू छताकडे बघत पडला होता. "मी हात केला होता," तो म्हणाला.

"केलाच असशील. पण वाकलास तेव्हा थोडा आत गेला असशील की नाही? आठवून बघ."

लंबूने आठवून बघितलं. असेल, म्हणाला. समितीपुढेही त्याने तसंच सांगितलं, पलंगावर बसून, बायकोने मागे उशा लावलेल्या. समितीने वाऱ्याला थोडा दोष दिला, लंबूला थोडा दिला आणि कागद मिटले. सेक्रेटरी घरी आला आणि गाढ झोपला. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या झोपेचाच जास्त राग येत राहिला.

दाजींनी मात्र क्रेनवर जायचं नाव काढलं नाही. तपासणीपर्यंत रजा टाकली आणि घरी बसून राहिले. सेक्रेटरीला आता तपासणीची घाई झाली होती. निकाल एकदा हातात पडला की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

हॉस्पिटलातली ती खोली साधी होती. एक टेबल, एक पडदा आणि हनुवटी टेकवायला एक आधार, चष्म्याच्या दुकानात असतो तसा. डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. दाजी आधाराकडे बघून बिचकले, तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, आधी मी बसतो, काही नसतं त्यात. डॉक्टरबाईंनी हरकत घेतली नाही.

पडद्याच्या मध्ये एक ठिपका होता. बाईंनी सांगितलं, आता डावीकडे किंवा उजवीकडे एक दिवा लागेल. त्याच्याकडे बघायचं नाही. तो लागेल त्याच्या बरोबर उलट बाजूला बघायचं. सेक्रेटरीला वाटलं, हा काय पोरखेळ. पहिला दिवा लागला आणि त्याचे डोळे सरळ दिव्यावर गेले. लाज वाटून त्याने ते लगेच पलीकडे वळवले. दोन-चारदा असं झालं, मग जमायला लागलं. बाई म्हणाल्या, असं सगळ्यांचंच होतं. डोळा उजेडाकडे धावतोच. त्याला धरून मागे वळवायचं काम मेंदूचं असतं. ते कसं होतंय, तेवढंच आम्ही बघतो.

मग दाजी बसले. सेक्रेटरी त्यांच्या मागे, भिंतीशी उभा राहिला. बाईंच्या टेबलावर दुसरा पडदा होता आणि त्यावर दाजींची नजर एका हिरव्या टिंबासारखी दिसत होती. दिवा डावीकडे लागला, टिंब डावीकडे गेलं. दिवा उजवीकडे लागला, टिंब उजवीकडे गेलं. बाईंनी थांबवून पुन्हा समजावलं. दाजी म्हणाले, हो हो, कळलं, उलटीकडे बघायचं. त्यांनी ते शब्द न शब्द बरोबर म्हणून दाखवलं. दिवा लागला आणि टिंब पुन्हा त्याच्यापाशीच गेलं, आणि तिथेच बसून राहिलं. दिवा विझेपर्यंत. परत फिरलंच नाही. सेक्रेटरी ते बघत उभा होता. कसा झाला हो माझा पेपर, असं दाजींनी मध्येच हसून विचारलं. आपण चुकतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाईंनी सांगितलं की एकट्या डोळ्यांवरून मी काहीही ठरवणार नाही. मग स्मरणाच्या चाचण्या झाल्या, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मेंदूचे फोटो झाले, रक्त झालं. प्रत्येक तपासणीच्या वेळी सेक्रेटरीच्या मनात यायचं, ही तरी वेगळी निघेल. दोन आठवड्यांनी बाईंनी तिघांना बोलावून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. सुरुवात आहे, म्हणाल्या. पुष्कळ गोष्टी अजून शाबूत आहेत, औषधांनी थोडा वेळ मिळेल, पण हा मागे फिरणारा आजार नाही. दाजींनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की क्रेन चालवता येईल का. बाई नाही म्हणाल्या. दाजींनी हात मांडीवर ठेवले आणि ते खिडकीकडे बघू लागले.

दाजी आणि ताई बाहेर गेल्यावर सेक्रेटरी मागे रेंगाळला. त्याने अपघाताची तारीख सांगितली. त्या दिवशी त्यांना खालचा माणूस दिसला असेल का, असं त्याने विचारलं.

"ते मला आज सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "केबिनमध्ये नजरेची नोंद होते ना? त्या दिवसाची असेल तर आणा. ती बघून काहीतरी सांगता येईल."

"त्या दिवसाची नाहीये," सेक्रेटरी म्हणाला. कॅमेरा कोणी बंद करवला होता, ते त्याने सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर दाजी आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. ताई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. भाऊ म्हणाला, मला जरा जरी कल्पना असती ताई. ताईने नळ बंद केला.

"मला होती," ती म्हणाली.

मग ती सांगत गेली, आवाज न चढवता, जशी कोणी दुसऱ्याच्या घरातली हकीकत सांगावी तशी. गेल्या वर्षापासून रस्ता ओलांडताना ते एका गाडीकडे बघायला लागले की ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. दुसरीकडून काय येतंय ते बघायचेच नाहीत. ती दंडाला धरून मागे ओढायची. ताटात वाढलेलं समोर असून त्यांना सापडायचं नाही. एकदा तिच्याच बहिणीच्या घराची गल्ली मागे टाकून बरेच पुढे गेले आणि तीच चुकीचं सांगतेय म्हणून चिडले. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की काम जाणार, आणि काम गेलं की ते उभे राहणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती रोज ते घरी येईपर्यंत दाराकडे कान लावून असायची.

"त्या दिवशी त्यांना खाली उतरवलं म्हणून कळलं, आणि मी देवापुढे हात जोडले. माझ्या तोंडून काही न निघता सुटले म्हटलं. खुर्ची, टेबल, घरापर्यंत बस. आणि संध्याकाळी तू आलास."

"तू बोलायचंस मला."

"बोलले होते. खालचं काम काय वाईट आहे, म्हटलं होतं."

"एवढंच म्हणालीस."

"एवढंच. तू तेवढंसुद्धा ऐकलं नाहीस. अजून बोलले असते तर काय केलं असतंस?"

ताई त्याच्याकडे वळली. ती रडत नव्हती. "लंबूच्या बायकोला मी काय तोंड दाखवू ते सांग," ती म्हणाली. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुला माहीत नव्हतं आणि तू गप्प बसला नाहीस. आता तू जा."

तो गेला. अट त्याचीच होती, त्यामुळे निकाल कंपनीकडे गेलाच होता. मॅनेजर एका शब्दानेही टोचून बोलला नाही, आणि तेच सेक्रेटरीला जास्त झोंबलं. दाजींना आजारपणाच्या कारणावरून सन्मानाने निवृत्त करू, असं ठरलं. चौकशीचे कागद मिटलेले होते, ते उघडा असं कोणी म्हणत नव्हतं. सेक्रेटरीला गप्प राहायचं असतं तर कोणी त्याला हलवलं नसतं. दोन दिवस तो गप्प राहिलाही. युनियनचा विचार कर, असं तो स्वतःला सांगत होता. तिसऱ्या दिवशी तो लंबूच्या घरी गेला.

लंबू खाटेवर बसला होता. उंच माणूस बसला की नेहमीच अवघडल्यासारखा दिसतो, त्यात एक पाय नाही. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उभी राहिली. सेक्रेटरी इकडचं तिकडचं काही बोलला नाही. त्याने निकाल सांगितला, आजाराचं नाव सांगितलं, पडद्यावरच्या हिरव्या टिंबाचं सांगितलं. लंबूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी बरोबर जागी उभा होतो?"

"हो."

"नक्की?"

"तू हात केला होतास म्हणालास. मीच तुला आत सरकवलं."

लंबूने एकदा बायकोकडे बघितलं. मग त्याने सांगितलं की तो रोज रात्री डोळे मिटून ती जागा आठवतो. पहिले काही दिवस तो ट्रेलरच्या बाहेर उभा दिसायचा. मग समितीपुढे बोलून आला आणि हळूहळू आत दिसायला लागला. आता आतच दिसतो. आता कितीही आठवलं तरी तो स्वतःला बाहेर उभा करू शकत नाही. चूक माझीच होती, असं त्याने बायकोला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, मुलीलाही सांगितलं होतं.

"माझ्या एकट्यापुढे सांगून काय उपयोग," तो म्हणाला. "गेटवर सांग."

सेक्रेटरीने गेटवर सांगितलं. त्याच ट्रेलरच्या पाठीवर चढायला त्याचे पाय तयार होईनात, म्हणून जमिनीवर उभा राहूनच बोलला. मागच्यांना ऐकू येत नव्हतं, ते पुढच्यांना विचारत होते आणि पुढचे मागे वळून सांगत होते, त्यामुळे त्याचं बोलणं गर्दीतून तुकड्यातुकड्याने मागे जात राहिलं. घार आजारी होती. मी त्यांना वर चढवलं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी मी लावली. लंबू बरोबर जागी होता, त्याला खोटं बोलायला मी लावलं. कोणी टाळी वाजवली नाही आणि कोणी शिवीही दिली नाही. एक जण एवढंच म्हणाला की कॅमेरे बसलेच नसते तरी हे झालंच असतं. दुसरा म्हणाला, कॅमेरा चालू असता तर झालं नसतं. त्यावरून दोघांची जुंपली आणि लोक पांगले.

चौकशी पुन्हा उघडली आणि लंबूच्या नावावरचा दोष पुसला गेला. सेक्रेटरी पायउतार झाला, पुन्हा वेल्डिंगच्या शेडमध्ये गेला. लोक मात्र सवयीने त्याला सेक्रेटरीच म्हणत राहिले. कॅमेरे सगळ्या क्रेनवर राहिले आणि त्यांच्याविरुद्ध बोलायला युनियनला तोंड उरलं नाही. पुढच्या वर्षी दोन जुने ऑपरेटर खाली उतरवले गेले. त्यातल्या एकाला खरंच आजार होता. दुसऱ्याला नुसता चष्मा लागला होता, पण तोवर त्याच्या जागी दुसरा आला होता. कंपनीचा डाव ओळखण्यात सेक्रेटरीची काही चूक झाली नव्हती. त्याच्यासाठी हे आणखी वाईट होतं.

ताईने त्याला वर्षभर घरात घेतलं नाही. मग एकदा तिचाच फोन आला. तिला दवाखान्यात जायचं होतं आणि दाजींना एकटं ठेवण्याची सोय राहिली नव्हती. तेव्हापासून तो दर रविवारी जाऊन बसायला लागला. दाजी त्याला ओळखायचे, पण कधी मेहुणा म्हणून, कधी शाळेतला कोणी म्हणून. ते दाराच्या आवाजाकडे बघत, पंख्याकडे बघत, आणि बघितलं की बघतच राहत.

त्या सुमारास लंबूने त्याला विचारलं की घारीला एकदा भेटता येईल का. त्याला आता नवा पाय बसवला होता आणि तो बंदरातच गेटपास तपासायच्या खिडकीवर बसायचा. सेक्रेटरीने ताईला विचारलं. ताई म्हणाली, आण.

लंबू आला, काठी दाराशी ठेवून खुर्चीवर बसला. ताईने त्याच्याकडे न बघता चहा पुढे केला. लंबूने कप तिच्या हातातून घाईने घेतला आणि चहा छान झालाय म्हणाला, प्यायच्या आधीच. दाजींनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओळखीचं काही उमटलं नाही. मग त्यांची नजर त्याच्या पॅन्टच्या पायापाशी गेली, बुटाच्या वर जिथे धातू दिसत होता तिथे, आणि तिथेच थांबली.

"पायाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"अपघात झाला. बंदरात होतो मी."

"बंदरात?" दाजी सरसावून बसले. कितीतरी दिवसांत त्यांच्या आवाजात एवढी धार आली नव्हती. "क्रेनखाली?"

"क्रेनखाली."

"वर कोण होता? कोण होता वर? खालच्या माणसावरून नजर काढायची नसते. काही झालं तरी काढायची नसते. नवीन पोरगं असणार कोणीतरी."

ताई भिंतीला टेकली. सेक्रेटरी मध्ये काहीतरी बोलायला गेला, पण लंबूने हाताने त्याला थांबवलं.

"नवीन नव्हता," लंबू म्हणाला. "चांगला होता. पुष्कळ वर्षं होतो आम्ही बरोबर."

"तरी पण," दाजी म्हणाले. "तरी पण." त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. अशा माणसाला वर ठेवायला नको होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी झाली, त्यांनी तिकडे मान वळवली आणि ते तिकडेच बघत राहिले.

लंबूने चहा संपवला. जिना उतरताना सेक्रेटरी त्याच्या दंडाला धरायला गेला, तर त्याने दंड सोडवून घेतला आणि कठडा धरून एकेक पायरी स्वतःच उतरला. खाली पोचल्यावर थोडं थांबून त्याने दम घेतला.

"मला परत आणू नकोस," तो म्हणाला.

सेक्रेटरी बरं म्हणाला. लंबू रस्त्याच्या कडेने बसस्टॉपकडे निघाला आणि सेक्रेटरी पुन्हा वर गेला. ताईला आडवं व्हायचं होतं आणि संध्याकाळपर्यंत दाजींपाशी कोणीतरी बसायला हवं होतं.